किल्ल्यांची भूमिती: ग्वाल्हेरच्या किल्ल्याला ताऱ्याचा आकार का नाही?

कंपूकर (ग्वाल्हेर)

सप्रेम नमस्कार.

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १५९३ मध्ये वसवलेल्या पाल्मानोवा या तटबंद नगराचा नकाशा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. नऊ टोकांचा तो तारा इतका रेखीव आहे की कंपास आणि पट्टी घेऊन कागदावर काढावा आणि तसाच जमिनीवर उतरवावा. त्याच सुमाराचा नेदरलँड्समधील बूर्टांज पाच टोकांचा आहे, आणि वोबाँ या फ्रेंच अभियंत्याने १६९८ पासून बांधायला घेतलेले नफ-ब्रिझाक अष्टकोनी आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा नकाशा काढायला बसले की हाती लागते ती सुमारे २.८ किलोमीटर लांबीची वेडीवाकडी आकृती. ती कोठे जेमतेम १८० मीटर रुंद आहे, कोठे ८५० मीटर, आणि पश्चिमेला उरवाईच्या घळीपाशी एकदम आत वळते.

यावरून आमच्याकडच्या चर्चांमध्ये एक मत वारंवार ऐकू येते, ते असे की युरोपीय लोकांनी किल्ले भूमितीने बांधले आणि आपल्याकडे ते अंदाजाने बांधले गेले. मला हे मत मान्य नाही. माझी धारणा अशी आहे की डोंगरी किल्ल्यांची भूमिती वरून पाहिलेल्या नकाशात शोधूच नये, ती डोंगराच्या उभ्या छेदात आहे. कडा किती उंच आहे, त्यावर तट किती चढवला आहे, तोफेचे तोंड किती खाली झुकू शकते आणि पायथ्याची कोणती जमीन तटावरच्या माणसाच्या नजरेआड राहते, हे सारे कोनांचेच हिशेब आहेत. मात्र ही धारणा पारखून घ्यावी म्हणून हा धागा काढला आहे. कोणता आकार कशासाठी आला आणि आपल्याकडे तारा का रुजला नाही, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

त्रिज्या (इंदूर)

कंपूकर, विषय फार चांगला निवडला आहे. मी गणित शिकवते, त्यामुळे ताऱ्याच्या बाजूने सुरुवात करते, कारण तो आकार शोभेसाठी निवडलेला नाही.

चौकोनी किल्ल्याच्या कोपऱ्यावर ६ मीटर त्रिज्येचा गोल बुरूज आहे असे समजा. शेजारच्या दोन्ही बुरुजांवरून तटाला समांतर मारा केला तर त्या माऱ्याच्या दोन रेषा या बुरुजाला स्पर्श करून पुढे एकमेकींना काटकोनात छेदतात. या दोन स्पर्शरेषा आणि बुरुजाचा कंस यांच्यामध्ये जो कोपरा उरतो, तेथे एकही गोळी पोहोचत नाही. त्याचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या ०.२१५ पट असते, म्हणजे येथे साधारण ७.७ चौरस मीटर. एवढ्या जागेत पहारी आणि सुरुंगाची दारू घेऊन सात-आठ माणसे बिनघोर काम करू शकतात. बुरुजाच्या माथ्यावरून त्यांना टिपायचे तर अंग कठड्याबाहेर काढावे लागते, आणि समोर शत्रूचे बंदूकधारी त्याचीच वाट पाहत असतात.

चौकोनी बुरूज घेतला तरी सुटका नाही. शेजारच्या बुरुजाच्या कुशीतील (कूस म्हणजे बुरुजाची तटाला मिळणारी बाजू) तोफ त्याच्या दर्शनी भिंतीवर समोरून मारा करू शकत नाही, तिची रेषा कोपऱ्याला घासून तिरकी निघून जाते आणि भिंतीपुढे एक त्रिकोण आंधळा राहतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील स्थपतींनी तो आंधळा त्रिकोणच दगडमातीने भरून बुरुजात सामावून घेतला. बुरूज पंचकोनी झाला, त्याचे टोक बाहेर आले आणि त्याच्या दोन्ही दर्शनी बाजू शेजारच्या तोफांच्या माऱ्याच्या रेषेवर बसल्या. ताऱ्याची प्रत्येक बाहेरची रेघ ही कोणत्या ना कोणत्या तोफेची नजर आहे.

याला तातडी आली ती १४९४ मध्ये. फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स चाकांवर ओढून नेता येणाऱ्या ब्राँझच्या तोफा घेऊन इटलीत उतरला आणि उंच, पातळ भिंतींचे दिवस संपले. तट बुटके आणि रुंद झाले, आणि उंचीने मिळणारे संरक्षण आता आकाराने मिळवावे लागले.

नवशिकी

त्रिज्याताई, मग गोल बुरूज लोकांनी मुळात बांधलेच का? त्यांचा काही फायदा असेलच ना?

पाथरवट (ग्वाल्हेर)

फायदा होता आणि मोठा होता. मी दगडी बांधकामाच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून त्या बाजूने सांगतो.

चौकोनी बुरुजाचा कोपरा ही त्याची सर्वांत दुबळी जागा असते. कोपऱ्याचा दगड दोन बाजूंनी उघडा असतो, पहारीने तो एकदा हलवला की वरचे थर सैल पडू लागतात. गोल बुरुजाला असा कोपराच नाही. त्याचे दर्शनी दगड पाचरीसारखे घडवलेले असले, म्हणजे बाहेरच्या तोंडाला रुंद आणि आत निमुळते, तर बाहेरून बसणारा दणका त्यांना एकमेकांवर दाबतो आणि बांधणी अधिक घट्ट होते. शिवाय तिरपा आलेला गोळा वक्र पृष्ठभागावरून निसटतो. तेवढाच परीघ बांधून सर्वांत जास्त जागा वेढणारी आकृती वर्तुळच आहे, त्यामुळे दगड आणि चुना दोन्ही वाचतात.

युरोपातही हा विचार लगेच सुटला नाही. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३९ नंतर दक्षिण किनाऱ्यावर जे किल्ले बांधून घेतले, त्यांतील डील येथील किल्ल्याचे बुरूज अर्धगोल पाकळ्यांचे आहेत, आणि तेव्हा इटलीत टोकदार बुरूज रुळून काही दशके झाली होती.

वाटाड्या (पुणे)

कंपूकरांच्या म्हणण्याला सह्याद्रीतून पाठिंबा द्यावासा वाटतो, पण थोडी भर घालून. आपल्या किल्ल्यांची भूमिती उभ्या छेदात आहे हे खरे, मात्र ती नकाशातही आहे. ती किल्ल्याच्या एकूण आकारात शोधण्याऐवजी दरवाजापाशी शोधावी.

रायगडाचा महादरवाजा पाहा. दोन भक्कम बुरूज पुढे येऊन वाटेला कवेत घेतात आणि वाट त्यांच्यामधून वळून दरवाजापर्यंत पोहोचते. खालून येणाऱ्याला दरवाजा दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर थेट तोफ डागता येत नाही. हत्तीला धडक मारण्यासाठी लागणारी सरळ धाव मिळत नाही. वळणावर शत्रूची कूस उघडी पडते आणि दोन्ही बुरुजांच्या जंग्यांमधून, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेल्या भोकांमधून, तिच्यावर मारा होतो. यालाच गोमुखी बांधणी म्हणतात. ताऱ्याने जे साधायचे ते येथे दोन गोल बुरुजांनी एका वळणात साधले आहे.

राजगडाची संजीवनी माची तर नीट पाहण्यासारखी आहे. तेथे तटाला दुहेरी भिंत आहे. बाहेरची भिंत पडली तरी आत दुसरी उभी असते, आणि दोन्हींमधल्या अरुंद बोळात शिरलेला माणूस वरून टिपला जातो. चिलखती बुरूज म्हणतात ते हेच. माचीवरच्या जंग्यांना आत डोळा लावून पाहावे. त्यांचा तळ बाहेरच्या बाजूला उतरता केलेला असतो, त्यामुळे आतून आकाश दिसत नाही, खालची उतरण दिसते. कंपूकर ज्याला उभ्या छेदातील कोन म्हणतात, तो तेथे दगडात कोरून ठेवलेला आहे.

मुळामुठा (पुणे)

सर्वांचे लेखन आदराने वाचले, परंतु मला येथे विरोध नोंदवायचा आहे. आपल्याकडे जे होते त्यातच सर्व काही होते, अशा समाधानाकडे ही चर्चा झुकते आहे.

डोंगरी किल्ल्याला ताऱ्याची गरज नव्हती हे मान्य करू. पण सपाटीवरच्या भुईकोटांचे काय? चाकणचा भुईकोट १६६० मध्ये शाएस्ताखानाच्या सैन्याने सुरुंगाने बुरूज उडवून घेतला. त्रिज्याताईंनी सांगितलेली आंधळी जागा ती हीच. अठराव्या शतकात मैदानी मुलखावर मराठ्यांची सत्ता पसरली, तोफखाना वाढला, शत्रूकडे युरोपीय पद्धतीचे वेढे घालणारे अभियंते आले, तरी आपल्या नव्या गढ्या आणि कोट बहुतेक गोल बुरुजांचेच राहिले. पोर्तुगीजांचे टोकदार बुरूज कोकणच्या किनाऱ्यावर दोनशे वर्षे आपल्या डोळ्यांसमोर होते. ते पाहून शिकण्याची संधी होती आणि ती पुरेशी घेतली गेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

विश्वामित्री (वडोदरा)

मुळामुठा यांनी पोर्तुगीजांचा उल्लेख केला म्हणून आमच्या बाजूचे सांगते. दीवचा किल्ला १५३५ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाच्या संमतीने बांधायला घेतला गेला आणि १५३८ व १५४६ असे दोन मोठे वेढे त्याने सोसले. मोटी दमणच्या तटाभोवती चालत गेले की कोन अंगावर येतात. भिंत सरळ जाते, मग एकदम टोक काढून पुढे येते, आणि त्या टोकाच्या मुळाशी, तटाला लागून, तोफांची तोंडे शेजारच्या टोकाकडे रोखलेली असतात. त्रिज्याताईंची आकृती तेथे पायाखाली आणि डोळ्यांपुढे येते.

पण दीवला निव्वळ आकाराने तारले असे मला वाटत नाही. एका बाजूला समुद्र होता आणि गोव्याहून आरमार कुमक घेऊन येऊ शकत होते. वेढ्यातील किल्ल्याला बाहेरची वाट उघडी असणे हेही आकाराइतकेच महत्त्वाचे असते.

वाटाड्या (पुणे)

मुळामुठा, तुमच्या विरोधात तथ्य आहे, पण वसई विसरू नका. वसईचा कोट टोकदार बुरुजांचा, पोर्तुगीजांनी नेटाने उभारलेला होता. चिमाजीअप्पांच्या सैन्याने १७३९ च्या मे महिन्यात तो घेतला, तो मोर्चे, म्हणजे वेढ्यातील तोफा-बंदुकांच्या आडोशाच्या जागा, पुढे सरकवत आणि सुरुंग लावून. बुरूज उडाला, खिंडार पडले, आत शिरताना फार माणसे कामी आली, तरी कोट हाती आला. ज्या सैन्याने ती भूमिती जिंकली त्याला ती कळत नव्हती असे कसे म्हणावे?

मुळामुठा (पुणे)

कळत होती, हेच तर माझे म्हणणे आहे. कळत असूनही बांधली नाही, म्हणून कारण शोधायला हवे. ते कारण अज्ञान नसेल तर खर्च असेल, किंवा युद्धपद्धती. वेगाने हालचाल करणाऱ्या घोडदळावर ज्या सत्तेचा भर आहे, ती आपला पैसा रुंद खंदक आणि मातीच्या भरावात कितपत गुंतवेल?

रेवाकाठ (इंदूर)

आकाराइतकेच द्रव्यही पाहावे लागेल, आणि त्यासाठी भरतपूरच्या लोहगडासारखे दुसरे उदाहरण नाही. इंदूरकरांना ते जवळचे आहे, कारण १८०५ मध्ये यशवंतराव होळकर भरतपूरच्या रणजितसिंहांच्या आश्रयाला होते आणि इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने किल्ल्याला वेढा घातला होता. जानेवारी आणि फेब्रुवारीत मिळून चार हल्ले झाले आणि चारही परतवले गेले.

या किल्ल्याला तारा नाही. त्याचे बुरूज गोल आहेत आणि बाहेरचा तट मातीचा आहे, अतिशय जाड. दगडी तटावर गोळा आदळला की तडा जातो आणि तडा पसरतो, मातीच्या तटात गोळा रुततो आणि तिथेच राहतो. रात्री पुन्हा माती लोटली की खिंडार बुजते. पुढे रुंद खंदक, त्यात पाणी सोडण्याची सोय. अखेर १८२६ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला तो तोफांनी भिंत पाडून नव्हे, तटाखाली प्रचंड सुरुंग उडवून.

त्रिज्या (इंदूर)

रेवाकाठ यांचा मुद्दा ताऱ्याच्या विरोधात जात नाही, हे येथे नोंदवते. युरोपातील तारेही बहुतांशी मातीचेच असत. दगडविटांचे आवरण बाहेरून आणि आत मातीचा भराव, अशीच त्यांची बांधणी होती, आणि डचांनी तर अनेक ठिकाणी नुसत्या मातीवर आणि पाण्याच्या खंदकांवर काम भागवले.

आणि कंपूकर, तुम्ही उभ्या छेदाचा मान फक्त डोंगरी किल्ल्यांना देता, तो मला अपुरा वाटतो. ताऱ्याच्या खंदकापलीकडे मातीचा एक लांब, मंद उतार केलेला असतो. तो तटावरून निघणाऱ्या माऱ्याच्या रेषेला धरून आखतात, त्यामुळे हल्ला करणारा शेवटच्या पावलापर्यंत बंदुकीसमोर उघडा राहतो, आणि त्याच उतारामागे तटाचा पाया शत्रूच्या तोफांपासून झाकला जातो. उतार दोन अंशांनी चुकला तर एक तर जमीन आंधळी होते किंवा भिंत उघडी पडते.

नवशिकी

हा तारा कागदावर कसा काढतात ते कोणी सांगेल का? माझ्या मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी हवा आहे.

त्रिज्या (इंदूर)

जरूर. वोबाँच्या नावाने ओळखली जाणारी पहिली पद्धत शाळेच्या साधनांनी काढता येते.

षट्कोन घ्या. त्याची बाहेरची बाजू वोबाँ साधारण १८० त्वाज (लांबीचे जुने फ्रेंच माप) धरतो, म्हणजे अंदाजे ३५० मीटर. तुम्ही १८ सेंटिमीटर घ्या. बाजूच्या मध्यबिंदूवर आतल्या अंगाला लंब काढा, बाजूच्या एक षष्ठांश लांबीचा, म्हणजे ३ सेंटिमीटर. (पंचकोनाला हा लंब एक सप्तमांश आणि चौकोनाला एक अष्टमांश धरतात, कारण बाजू कमी झाल्या की कोपरा अरुंद होतो आणि लंब तेवढाच ठेवला तर बुरुजाचे टोक फारच निमुळते होईल.) आता बाजूच्या दोन्ही टोकांपासून लंबाच्या आतल्या टोकातून जाणाऱ्या रेषा काढा आणि पुढे वाढवा. या झाल्या माऱ्याच्या रेषा. त्यांवर टोकापासून ५ सेंटिमीटर मोजा. तेवढी बुरुजाची दर्शनी बाजू. ती जेथे संपते तो बुरुजाचा खांदा.

आता एका खांद्यावर कंपासचे टोक ठेवून दुसऱ्या खांद्याइतके अंतर घ्या आणि कंस फिरवा. पहिल्या खांद्यातून जाणाऱ्या माऱ्याच्या रेषेला तो पलीकडे जेथे छेदतो, तेथे समोरच्या बुरुजाची कूस तटाला मिळते. दोन्ही बाजूंनी हे केले की कुशी आणि त्यांच्यामधला सरळ तट आपोआप मिळतो. सहाही बाजूंवर हेच करा.

मुलीला एक गोष्ट मोजायला सांगा. टोकापासून समोरच्या कुशीपर्यंतची माऱ्याची रेषा साडेतेरा सेंटिमीटर भरेल, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे २६० मीटर. त्या काळच्या बंदुकीचा मारा जेमतेम तेवढ्याच अंतरावर उपयोगी पडत असे. संपूर्ण किल्ल्याचे माप शेवटी एका शिपायाच्या खांद्यावरच्या बंदुकीने ठरवले आहे.

नवशिकी

मनःपूर्वक आभार. रविवारी दोघी मिळून काढतो.

भालदार (बेंगळुरू)

भारतात काटेकोर तारा पाहायचा असेल तर कर्नाटकात सकलेशपूरजवळचा मंजराबादचा किल्ला पाहावा. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये फ्रेंचांच्या मदतीने पूर्ण केलेला हा अष्टकोनी तारा आहे, आणि तोही टेकडीवर. त्यामुळे डोंगरावर तारा बसत नाही, असे सरसकट म्हणता येणार नाही.

कंपूकर (ग्वाल्हेर)

भालदार, आपला आक्षेप योग्य आहे, म्हणून माझे म्हणणे अधिक नेमके करतो. मंजराबादची टेकडी माथ्यावर अशी आहे की तिच्यावर हवी ती आकृती मांडता आली. ग्वाल्हेरची टेकडी वालुकाश्माची, चारी बाजूंनी तुटलेली, सुमारे ३०० फूट उंच. तट कड्याच्या काठावरून हलवून आत घेतला तर तट आणि काठ यांच्यामध्ये शत्रूला पाय रोवायला जागा मिळते, आणि काठाबाहेर तर काही बांधताच येत नाही. म्हणून तटाने कड्याची रेघ गिरवली.

सुरुंगाचेही तेच. रेवाकाठ आणि वाटाड्या यांनी सांगितलेले सुरुंग मातीत किंवा सपाटीवर लागले. ग्वाल्हेरवर लोदींच्या सैन्याने सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरुंग लावला तो पायथ्याच्या बादलगढ या बाहेरच्या कोटावर. वरच्या अखंड खडकात तसे खणणे शक्य नव्हते.

मात्र उभ्या छेदाची भूमिती कोठे कमी पडते हेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, आणि ते याच किल्ल्याने १७८० मध्ये दाखवले. ३ ऑगस्टच्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन पॉपहॅमची तुकडी शिड्या घेऊन पायथ्याशी आली. शिपायांच्या पायांत आवाज होऊ नये म्हणून कापूस भरलेले जोडे होते. आधी सुमारे १६ फुटांचा तुटलेला कडा, त्यावर ४० यार्डांची चढण, आणि मग ३० फुटांची भिंत, असे तीन टप्पे त्यांना चढायचे होते. गस्तीच्या मशाली पुढे सरकेपर्यंत ते खाली दबून राहिले आणि मग वर आले. किल्ला थोड्याच वेळात पडला.

त्या तीन टप्प्यांचा छेद काढून पाहावा. भिंतीवर उभ्या असलेल्या माणसाला चढणीचा वरचा भाग दिसतो, पण कड्याचा पायथा दिसत नाही. कडा जितका उभा, तितका त्याचा पायथा आंधळा. तोफ तर तेवढी खाली झुकवताच येत नाही. ताऱ्याने सपाटीवर जी आंधळी जागा मिटवली, तीच येथे उभी होऊन कड्याला चिकटून राहिली होती. तिच्यावर उपाय एकच, आडवी नजर, म्हणजे तटातून थोडा पुढे आलेला बुरूज जेथून कड्याचा पायथा बाजूने दिसेल. असे बुरूज येथे आहेत, पण दोन्ही अंगांची लांबी धरली तरी साडेपाच किलोमीटरांहून अधिक भरणाऱ्या काठाला ते आणि त्यांवरची माणसे कशी पुरावी?

मुळामुठा (पुणे)

हा मुद्दा मला पटतो, आणि त्यातूनच पुढचा निघतो. परीघ हा भूमितीचा सर्वांत निर्दय हिशेब आहे. १८५८ च्या जून महिन्यात, राणी लक्ष्मीबाई पडल्यानंतर, हाच किल्ला इंग्रजांच्या दोन तरुण अधिकाऱ्यांनी थोड्या शिपायांना आणि एका लोहाराला बरोबर घेऊन दरवाजे फोडून घेतला. आत लढायला माणसेच फारशी उरली नव्हती. तट होता तसाच होता.

रेवाकाठ (इंदूर)

शिंद्यांच्याच इतिहासातले आणखी एक उदाहरण याच्या जोडीला ठेवतो, कारण मुळामुठा यांच्या पहिल्या आक्षेपाचे उत्तर त्यात आहे. अलीगढचा किल्ला शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याच्या ताब्यात होता. टोकदार बुरूज, रुंद खंदक, असा तो युरोपीय पद्धतीने सजवलेला होता. म्हणजे मराठ्यांच्या सत्तेत ही भूमिती आली होती. पण ४ सप्टेंबर १८०३ रोजी लेकच्या सैन्याने तो एका सकाळी घेतला, कारण खंदकावरून दरवाजाकडे जाणारी वाट तोडलेली नव्हती आणि हल्ला त्याच वाटेने थेट दरवाजांवर आला. बुरुजांचे सारे कोन जागेवर होते.

वाटाड्या (पुणे)

उंचीचा आणखी एक हिशेब राहून जातो आहे. किल्ल्याचा स्वतःचा आकार कितीही चांगला असला तरी शेजारी तोफेच्या टप्प्यात दुसरा डोंगर असेल तर तो आकार अपुरा पडतो. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांनी पुरंदराला वेढा घातला तेव्हा आधी शेजारचा वज्रगड घेतला. वज्रगडावर तोफा चढल्यावर पुरंदरची माची त्यांच्या माऱ्याखाली आली, आणि मुरारबाजींसारखा वीर लढूनही त्या जून महिन्यात तह करावा लागला.

विश्वामित्री (वडोदरा)

किंचित विषयांतर होईल, पण ग्वाल्हेरकरांच्या किल्ल्यावर भूमितीचे एक वेगळेच लेणे आहे, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. पूर्वेच्या चढणीवर, दरवाजांच्या रांगेतच चतुर्भुजाचे एकाश्म मंदिर आहे. त्यातील इ.स. ८७६ च्या शिलालेखात मंदिराला दिलेल्या बागेची मापे दिली आहेत, लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात. त्या २७० मधले शून्य आजच्यासारखेच वर्तुळाकार कोरलेले आहे.

पाथरवट (ग्वाल्हेर)

विषयांतर मुळीच नाही. ज्या वाटेवरून सैन्ये चढली त्याच वाटेवर जमीन हातांनी मोजून आयत आखल्याची नोंद आहे, म्हणजे येथे मोजमाप अंदाजाने होत नव्हते.

आता कंपूकरांच्या पहिल्या परिच्छेदातील एका गोष्टीकडे परत जातो. त्यांनी लिहिले की किल्ल्याची रेघ उरवाईपाशी एकदम आत वळते. नकाशात तो दोष वाटतो, जागेवर तसे वाटत नाही. घळीच्या तोंडाशी जी आडवी भिंत आहे तिच्यापुढे उभे राहावे. डाव्या आणि उजव्या हाताला कड्याचे दोन सुळके पश्चिमेकडे पुढे आलेले आहेत, आणि दोन्हींच्या माथ्यावर तट आहे. भिंतीवर चाल करणारा माणूस दोन्ही बाजूंनी माऱ्यात सापडतो. त्रिज्याताईंच्या आकृतीत दोन बुरूज, त्यांच्या कुशी आणि मधला सरळ तट असतो. उरवाईत बुरूज आणि कुशी डोंगरानेच दिल्या आहेत, माणसाने फक्त मधला तट घातला. दमण-वसईच्या कित्येक शतके आधी.

त्रिज्या (इंदूर)

पाथरवट, हे वाचून फार आनंद झाला. पण मग एक शंका येते. ती भिंत मारा करता यावा म्हणून तेथे घातली, की दुसरे काही कारण होते? घळीच्या वरच्या काठाने तट नेला असता तर कडाच पुरेसा होता आणि भिंतीचे काम वाचले असते.

कंपूकर (ग्वाल्हेर)

कारण पाणी होते. उरवाईच्या तळाशी विहिरी आणि झरे आहेत. बाबर १५२८ मध्ये ग्वाल्हेरला आला तेव्हाच्या त्याच्या वर्णनातही ती भिंत पाण्याला आत घेण्यासाठी इल्तुतमिशाने बांधल्याचे आले आहे, आणि त्याच इल्तुतमिशाने १२३२ मध्ये कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर हा किल्ला घेतला होता. किल्ल्याला उपाशी-तहानलेला ठेवणे म्हणजे काय, हे वेढा घालणाऱ्यालाच अधिक ठाऊक असणार. तट वरच्या काठाने नेला असता तर पाणी बाहेर राहिले असते, म्हणून रेघ खाली उतरली आणि घळीचे तोंड बंद झाले. दोन्ही सुळक्यांवरचा मारा त्यामुळे आयता मिळाला.

पाथरवट, आपण दोघांनी त्या भिंतीची लांबी आणि दोन्ही सुळक्यांपासूनची अंतरे टेपने मोजून येथे द्यावीत, असे सुचवतो. त्रिज्याताई त्यावरून माऱ्याच्या रेषा काढू शकतील.